पॉकेट बाइक घरात आली, मग नियम कसे ठरवले

पॉकेट बाइक म्हणजे पेट्रोलवर चालणारी अगदी छोटी मोटारसायकल, इंजिन ४९ सीसी. ४९ सीसी ऐकलं की लोकांना वाटतं खेळण्यातलं काहीतरी असणार. ज्यांच्या घरी लूना होती त्यांना आठवत असेल, १९७२ साली आलेली लूना ५० सीसीचीच होती आणि तिच्यावर नवरा-बायको आणि मध्ये एखादं पोर असे पुण्यात सगळीकडे फिरायचे. आता तेवढंच इंजिन घ्या, गाडीचं वजन वीस-बावीस किलोवर आणा, चाकं साडेसहा इंची, सीट जमिनीपासून दीड फुटावर, गिअर नाहीत, दोरी ओढली की चालू आणि ॲक्सिलरेटर पिळला की सुटली. आणि त्यावर अकरा वर्षांची मुलगी. सरळ मोकळ्या जागेत ही गाडी चाळीसच्या पुढे आरामात जाते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण हल्ली अशा गाड्या ऑनलाइन सहज मिळतात, लोक वाढदिवसाला मागवतात, आणि डबा उघडल्यापासून पुढे नक्की काय करायचं हे मराठीत कुठे एका जागी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

आमच्याकडे ती माझ्या धाकट्या भावाने आणली. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉसची, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारणाऱ्या मोटारसायकलींची, रेस झाली तेव्हा तो माझ्या मुलीला, आर्याला, घेऊन गेला होता, तेव्हापासून तिच्या डोक्यात गाडी होतीच, आणि मामाने वाढदिवसाला थेट खोकंच आणून ठेवलं. "ताई, नाही म्हणू नकोस." सासूबाईंचं म्हणणं होतं परत पाठवून द्या, पोरीचे हातपाय मोडले म्हणजे? त्यांचं चूक होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण आर्याला खरंच यंत्रांची आवड आहे, माझी ॲक्टिव्हा सर्व्हिसिंगला गेली की ती मेकॅनिकशेजारी उकिडवी बसून असते, आणि मला वाटलं की ही आवड दाबण्यापेक्षा तिला पहिल्या दिवसापासून नीट पद्धत लावावी. मी भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, तपासल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही हे रोजचंच काम. सासूबाईंना म्हणलं, आई, माझं सगळं तपासून होईपर्यंत गाडी सुरूच होणार नाही, आणि मग तुम्ही बघायला या.

पहिलं काम कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, त्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच लिहिलंय की चारपेक्षा कमी चाकं आणि इंजिन २५ सीसीपर्यंत असेल तर ते मोटार वाहन धरत नाहीत. ४९ सीसी त्याच्या वर, म्हणजे ही गाडी कायद्याने मोटारसायकलच. मग रस्त्यावर न्यायची तर नोंदणी पाहिजे, विमा पाहिजे, लायसन्स पाहिजे. ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला वयाची अट १६ आहे, त्याच्या वरच्याला १८. अकरा वर्षांच्या मुलीचा प्रश्नच येत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीत १९९ए कलम आलंय ते प्रत्येक आईबापाने एकदा वाचावं, अल्पवयीन मुलाने सार्वजनिक जागी गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला, त्यानंतर पुण्यात हे कुणाला समजावून सांगायला लागू नये, पण रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर लहान मुलांच्या हातात स्कूटर देणारे लोक मला अजून दिसतात आणि बघून फार त्रास होतो.

इलेक्ट्रिकवाली छोटी बाइक घेतली असती तर सुटलो असतो का, असं नवऱ्याने विचारलं. तिथे नियम वेगळा आहे, मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, वजनाचीही मर्यादा आहे, तर ती मोटार वाहनात येत नाही. पण मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी छोट्या डर्ट बाइकवर ५०० वॅट लिहिलेलं असतं. डब्यावर कार्टूनचं चित्र आहे म्हणून ते खेळणं होत नाही, वॅटचा आकडा बघायचा.

तरी खात्री करावी म्हणून संगम ब्रिजजवळच्या आरटीओत जाऊन आले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, मॅडम, या गाडीला टाइप ॲप्रूव्हल नाही, फॉर्म २२ म्हणजे गाडी नियमात बसते असं कंपनीचं प्रमाणपत्र नाही, नोंदणी होणार नाही. म्हणजे कुठलंही मॉडेल रस्त्यावर यायच्या आधी त्याचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि त्यातली एक मोठी संस्था एआरएआय आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, रोज सकाळी शेकडो लोक तिच्या भिंतीशेजारून फिरायला जातात. ब्रेक, दिवे, आवाज, धूर, सगळं तिथे तपासलं जातं. आमच्या डब्यातल्या गाडीची अशी तपासणी कुणीच केलेली नव्हती. तिला हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, आरसे नाहीत, आणि खोक्यावर बारीक अक्षरात छापलंय की रस्त्यासाठी नाही. घरी येऊन आर्याला स्पष्ट सांगितलं, ही गाडी रस्त्यावर कधीही जाणार नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही.

मग सोसायटी. दोघातिघांनी अगदी प्रेमाने सुचवलं की आत पार्किंगमध्ये चालवू दे की, गेटच्या आत कोण बघतंय. आता कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे जिथे जायचा लोकांना हक्क आहे अशी कुठलीही जागा, त्यात सोसायटीचा आतला रस्ता बसतो का यावर वकील वाद घालतील, पण मला तो वाद घालायचाच नव्हता. मी आर्याला हेल्मेट घालून गाडीवर बसवलं, गाडी बंद, आणि मोजायची टेप लावली. हेल्मेटचं टोक जमिनीपासून ११० सेंटीमीटरपेक्षा थोडंसंच कमी. शेजारी उभ्या एसयूव्हीचं बॉनेट मोजलं, ते जवळपास तेवढंच. म्हणजे ड्रायव्हर सीटवर बसलेल्या माणसाला समोर अगदी जवळ असलेली आर्या दिसणारच नाही. आमचे चेअरमन काका तिथेच होते, त्यांना गाडीत बसून बघायला सांगितलं. ते बसले, काचेतून पाहिलं, उतरले आणि म्हणाले, "अगं, ही दिसतच नाहीये." त्याच आठवड्यात त्यांनी नोटीस लावली की आवारात अशा गाड्या चालणार नाहीत. कुणीतरी टेकडीवर न्या म्हणालं, तेही मी मोडीत काढलं, ती चालणाऱ्यांची आणि झाडांची जागा आहे.

जागेचा प्रश्न माझ्या दिराने सोडवला. भावजींचं पिरंगुटला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, पुढे काँक्रीटचं अंगण, चारी बाजूंनी भिंत आणि एक गेट, रविवारी सगळं बंद. काँक्रीट का महत्त्वाचं, तर एवढ्याशा चाकाला मातीत किंवा खडबडीत जागी काही खरं नाही, मोठ्या मोटारसायकलला जो खड्डा कळतसुद्धा नाही त्यात हिचं पुढचं चाक अडकतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे जातो.

गाडीची तपासणी तिथेच केली, आणि हा भाग मी जरा लांबवून सांगणार आहे कारण सगळ्यात जास्त धोका मला इथे दिसला. गाडी अर्धवट जोडलेली येते, पुढचं चाक आणि हँडल आपण बसवायचं. कारखान्यात जे बसवलेलं होतं त्यातलं काय काय ढिलं होतं ऐका. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, बोल्ट हाताने फिरत होते. ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा एक बोल्ट अर्ध्यावर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल. ती फ्रेमला अशी बांधली होती की हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की केबल ताणली जायची आणि इंजिन आपोआप उठायचं, हाताने काही न करता. विचार करा, मूल हळू वळण घेतंय, घाबरलेलं आहे, आणि गाडी स्वतःहून पळायला लागली.

भावजी आणि मी एकेक बोल्ट काढला, साफ केला, बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात त्या लॉकटाइट गोंदाचा थेंब लावून, ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने घट्ट केला आणि प्रत्येकावर पिवळ्या पेंटची रेघ ओढली, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत सलग. कंपनीत आम्ही करतोच. बोल्ट जरा जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते, आर्याला सुद्धा दिसते, आणि आता ती रेघा बघायचं काम तीच करते. केबल नव्या मार्गाने नेली, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून इंजिनचा आवाज बदलत नाही हे ऐकून खात्री केली. ॲक्सिलरेटरची ग्रिप पिळून सोडली की टक्कन जागेवर परत यायला पाहिजे, रेंगाळली तर गाडी चालवायची नाही.

आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळता इंजिन किती वेगाने चालतं, ते पण बघा. या गाड्यांना सेंट्रिफ्युगल क्लच असतो, इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडतो. आयडल जास्त ठेवलेलं असेल तर दोरी ओढून चालू केल्या केल्या मागचं चाक फिरायला लागतं आणि गाडी सुटते. आमची तशीच होती. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून आयडल खाली आणलं आणि नियम केला की गाडी नेहमी मागचं चाक उचललेल्या स्टँडवरच सुरू करायची, चाक स्थिर आहे हे बघूनच खाली उतरवायची, आणि दोरी मोठ्या माणसानेच ओढायची. चेन उघडी होती, भावजींनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं गार्ड करून दिलं, सायलेन्सरवर जाळी बसवली कारण तो बरोबर पिंढरीजवळ येतो. मागचं स्प्रॉकेट जास्त दात्यांचं टाकलं, त्याने टॉप स्पीड कमी होतो, आणि ॲक्सिलरेटरच्या घरावर एक छोटा स्क्रू आहे तो आत फिरवून ग्रिप पूर्ण पिळताच येणार नाही असं केलं.

आणि किल स्विच, म्हणजे इंजिन झटक्यात बंद करायची सोय. हँडलवरचं लाल बटण होतंच, पण पडताना बटण दाबायचं कुणाला सुचतं. म्हणून ट्रेडमिलला असते तशी दोरी लावली, एक टोक आर्याच्या मनगटाला, दुसऱ्या टोकाला चुंबक, चुंबक निघालं की इंजिन बंद. या गाडीला चावी नाही, त्यामुळे तो चुंबकच आमची चावी, आणि तो माझ्या पर्समध्ये असतो. मोठं माणूस हजर नसेल तर गाडी सुरू होऊच शकत नाही.

पेट्रोलचं थोडक्यात. टू-स्ट्रोक इंजिन आहे, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, माहितीपत्रकात २५ ला १ सांगितलंय, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिली टूटी ऑइल, मोजून, अंदाजाने नाही. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, नीट झाकणाचा धातूचा कॅन पाहिजे. इंजिन गार झाल्याशिवाय भरायचं नाही, आणि बंद शेडमध्ये किंवा बेसमेंटमध्ये इंजिन चालू करायचं नाही, धूर विषारी असतो.

हेल्मेट घ्यायला नाना पेठेत गेलो. जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, तरी मागे आयएस ४१५१, हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा क्रमांक, लिहिलंय का हे स्वतः वाचा. दुकानदार म्हणाले एक साइज मोठं घ्या, दोन वर्षं चालेल. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो, हेल्मेट तसं घ्यायचं नाही. भुवयांच्या जरा वरून टेप फिरवून डोकं मोजलं, फुल फेस घालायला लावलं, पट्टा लावला आणि मी मागून धरून पुढच्या बाजूला ओढून काढायचा प्रयत्न केला. पहिली दोन सरळ निघून आली. तिसरं हललं नाही, गाल दाबले जात होते, बोलताना आर्याचा आवाज बोबडा येत होता, तेच घेतलं. गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड ईएन १६२१ हा युरोपियन मानकाचा क्रमांक छापलेले घेतले, पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज, घोटा झाकणारे बूट, बुटाच्या नाड्या आत खोचलेल्या, जाड जीन्स. ओढणी, स्टोल, गळ्यातलं, हातातलं काहीही नाही, केस वेणी घालून जॅकेटच्या आत.

अंगणाचा हिशोब आर्याला बसवून करून दाखवला. ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत एक सेकंद धरला तर तेवढ्यात साडेपाच मीटर गेले, मग थांबायला अजून चारेक मीटर. ताशी ४० केलं तर नुसतं सुचेपर्यंत अकरा मीटर आणि पुढे सोळा, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. तिने स्वतः खडूने काँक्रीटवर रेघा मारल्या, चाळीसची रेघ भिंतीच्या पलीकडे जात होती. त्यानंतर "मामा म्हणतो चाळीस जाते" हे बोलणं बंद झालं. भिंतींपुढे जुने टायर लावले, अंगण झाडून बारीक खडी आणि तेलाचे डाग काढले, गेटला आतून कुलूप. आत एका वेळी एकच गाडी, एकच माणूस, डबलसीट कधीही नाही.

शिकवायला सुरुवात इंजिन बंद ठेवूनच केली. भावजी मागून ढकलायचे आणि मी "ब्रेक" ओरडले की रस्त्यावर ठेवतात तशा प्लास्टिकच्या कोनच्या आत थांबायचं. उजवा हात पुढचा ब्रेक, डावा मागचा, दोन्ही हळूहळू एकत्र. मग मनगट. घाबरलं की अंग मागे जातं, हात ताणला जातो आणि ग्रिप आपोआप जास्त पिळली जाते, गाडी अजून जोरात पळते, अंग अजून मागे. यावर उपाय म्हणजे मनगट खाली ठेवून धरायचं आणि दोन बोटं कायम ब्रेकच्या लिव्हरवर. आर्याला हे कंटाळवाणं वाटत होतं, तोंड पाडून बसली एकदा, पण मनगटाची दोरी ओढून इंजिन बंद करायचं न बघता जमल्याशिवाय मी पेट्रोलचा कॉक उघडलाच नाही.

दिराचा मुलगा ओंकार नऊ वर्षांचा आहे, तो रडला. त्यालाही बसायचं होतं. आर्याचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर गोल फिरत होतं, म्हणून नाही म्हणलं. जाऊबाईंना जरा वाईट वाटलं, एक चक्कर मारली तर काय होतंय म्हणाल्या. पण आपलं मापाचं हेल्मेट नाही तर गाडी नाही, हे घरातल्या मुलालाही लागू. पुढच्या वेळी त्याचं हेल्मेट आलं, तेव्हा तोही ढकलण्यापासून शिकला.

आर्या पडली ती वळणावर. वेग फार नव्हता, झाडताना राहिलेली थोडी रेती असावी, पुढचं चाक सरकलं आणि ती डाव्या अंगावर. मला सगळ्यात आधी जाणवली ती शांतता, मनगटाच्या दोरीचं चुंबक निघालं होतं आणि इंजिन बंद झालं होतं, नाहीतर आडवी पडलेली गाडी मागचं चाक फिरवत राहते आणि त्यात पाय असतो. ग्लोव्हचा तळवा फाटला होता, आतला हात लालसुद्धा नाही. गुडघ्याच्या गार्डवर पांढरे ओरखडे. डोकं आपटलं नव्हतं हे तिला विचारलं, हेल्मेटवर बघितलं, आपटलं असतं तर ते हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी परत वापरायचं नाही. सासूबाई त्या दिवशी खुर्ची टाकून तिथेच होत्या. त्या उठून आल्या, तिचा हात उलटसुलट करून बघितला आणि तो फाटका ग्लोव्ह स्वतःच्या पिशवीत ठेवला. त्या दिवशी गाडी पुन्हा सुरू केली नाही, पिवळ्या रेघा, ग्रिप, लिव्हर, सगळं परत तपासलं.

लोक मला सांगतात की परदेशात एवढी एवढी मुलं रेस करतात. करतातच, आणि आपल्याकडेही. एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाचं मुलांच्या रेसचं मिनीजीपी २०२१ पासून सुरू झालं, भारतात २०२२ ला आलं, साधारण १० ते १४ वयाची मुलं १६० सीसीच्या छोट्या बाइक कार्टिंग ट्रॅकवर पळवतात. पण तिथे लेदरचा सूट असतो, मार्शल असतात, ॲम्ब्युलन्स उभी असते, गाडी तपासूनच आत सोडतात. आणि एवढं असूनसुद्धा २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तेरा वर्षांचा मुलगा रेसमध्ये पडून दगावला. हे मी आर्यापासून लपवलं नाही. तिला पुढे खरंच शिकायचं असेल तर मी तिला ट्रॅकवर, शिकवणाऱ्यांकडे नेईन, त्याची चौकशी चालू आहे.

सध्या मागच्या ब्रेकचं पॅड झिजलंय. नाना पेठेत त्या मापाचं मिळालं नाही, नमुना घेऊन भावजी शोधतायत, आणि तोवर चुंबक माझ्या पर्समध्येच आहे. आर्या रोज शाळेतून आली की विचारते, पॅड आलं का, मी सांगते नाही आलं, मग ती दप्तर टाकून जेवायला बसते.